‘आनंद करा’ म्हणून निघून गेलेल्यांबद्दल, रावेरच्या दादांना उत्तर

दादा, जय ख्रिस्त.

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नव्हतीच, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की विश्वासातून माणसाला उभारी मिळते आणि ती आपण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एकमेकांना देत राहिलं पाहिजे. त्यावर दादांचं म्हणणं असं की ही पोट भरलेल्यांची भाषा आहे. त्यांची निसवलेली केळी वादळात झोपली, वर्षभराचा खर्च मातीत गेला, आणि मंडळीतले काही जण घरी आले ते ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन सांगून, चहा पिऊन, तुमचा विश्वास कमी पडतोय असं बोलून निघून गेले. झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर एकाने त्याच्यावरही बोट ठेवलं. तेव्हापासून दादा उपासनेला जात नाहीत, घरीच शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतात, आणि विचारतात की यात बिघडलं काय.

दादा, त्या लोकांनी जे केलं ते चुकीचंच होतं, त्यांची बाजू मी घेणार नाही. नीतिसूत्रे 25:20 मध्ये स्पष्ट लिहिलंय की दुःखी माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसात त्याच्या अंगावरचं पांघरूण काढून घेण्यासारखं आहे. म्हणजे तुमच्या घरी जे झालं त्याला शास्त्रातच नाव ठेवलेलं आहे.

पण मला जास्त बोलायचंय ते त्या वचनाबद्दल, कारण ते तुमच्या मनातून उतरलं तर तुमचं मोठं नुकसान होईल असं मला वाटतं. ‘आनंद करा’ हे लिहिणारा प्रेषित पौल कैदेत होता हे आपण सगळे सांगतो. पण तेच फिलिप्पैकरांचं पत्र जरा मागून-पुढून वाचा. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाचा माणूस आहे, फिलिप्पैच्या मंडळीने पौलाला लागेल ती मदत घेऊन पाठवलेला. तो तिथे मरणाला टेकेल इतका आजारी पडला, आणि पौल काय लिहितो तर तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, देवाने दया केली. आनंद करा म्हणणारा माणूसच हे लिहितोय, त्याला कोणी अविश्वासू म्हणेल का? आणि चौथ्या अध्यायात, जिथे ते आनंदाचं वचन आहे तिथेच दहा ओळी पुढे जा, तो म्हणतो माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे चांगलं केलंत. मग पाठवलेल्या वस्तू मिळाल्याची पोच देतो, आता मला भरपूर आहे म्हणतो. म्हणजे ज्या मंडळीला तो आनंद करायला सांगतोय तिने आधी त्याच्यासाठी माणूस पाठवलाय, खर्च केलाय, त्या माणसाने जीव धोक्यात घातलाय. तुमच्याकडे आलेल्यांनी त्या अध्यायातली चौथी, आनंदाची ओवी सांगितली आणि चौदावी, संकटात भागीदार होण्याची, करायची राहून गेली.

गोळ्यांचं म्हणाल तर कृपा करून बंद करू नका, डॉक्टर सांगतील तोपर्यंत घ्या. लूक वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आणि आपल्या खान्देशात नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशनऱ्यांनी दवाखाना उभा केला तो काय अविश्वासाने केला? प्रार्थना आणि औषध हे दोन्ही एकाच घरात कितीतरी वर्षं सुखाने नांदताहेत.

आता घरी एकट्याने वाचण्याचं. इथे मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. घरी वाचू नका असं नाही, वाचाच, पण 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय काढा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडलाय, मला मरण दे म्हणतोय. देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलं, ऊठ आणि खा म्हणाला, तो जेवून परत झोपला तर झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खाऊ घातलं, कारण वाट लांबची होती. इथपर्यंत तुम्हाला पटेल. पण पुढे होरेब डोंगरावर एलीया जे म्हणतो ना, मी एकटाच उरलोय, ते देवाने मान्य केलं नाही. सात हजार राखून ठेवलेत असं सांगितलं आणि त्याच्या जागी येणाऱ्या अलीशाकडे जायला लावलं. थकलेल्या माणसाला एकटं राहावंसं वाटणं साहजिक आहे, पण तिथे कायमचं थांबायचं नसतं, कारण तुमच्यासाठी देव जी भाकर पाठवणार ती बहुतेक कोणाच्या तरी हातूनच येणार आणि तो हात तुमच्या दाराशी ओळखीचा राहिला पाहिजे.

असा हात मी पाहिलाय. आमच्या साक्रीकडच्या मंडळीतले एक म्हातारे वडील, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ, आहेत, शाळा फारशी नाही, साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, उभे राहिले तरी चार वाक्यात बसतात. एकाचं शेत असंच उद्ध्वस्त झालं तेव्हा आम्ही पाच-सहा जण गेलो, त्या माणसाला काय बोलावं कोणालाच सुचेना, तर यांनी चपला बांधावर काढल्या आणि म्हणाले, ‘चाल, पहिले पाईप गोया करी लेऊ.’ ठिबकच्या नळ्या चिखलातून ओढून, पुसून, वेटोळी करून झाडाला टांगेपर्यंत दुपार झाली. मग घरून आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडला, शेतमालकाला आधी वाढलं, आणि शेवटी प्रार्थना केली ती एवढीच की देवा, याला रात्री झोप दे. त्या रविवारी तो माणूस उपासनेला आला, मागच्या बाकावर बसला, गायला नाही, पण आला. त्याला कोणी गायला लावलंही नाही.

उत्तेजन म्हणतात ते मला असं दिसतं दादा, आणि त्याच्यामागे काही आमचा मोठेपणा नाही. प्रभू येशू मेलेल्या लाजराच्या कबरेकडे जाताना आधी रडला आणि मगच त्याने हाक मारून लाजराला उठवलं, त्याला तर पुढे काय होणार हे ठाऊक होतं तरीही रडला. त्याच्याकडे पाहून उठता येतं, माझ्या स्वतःच्या मनात जोर असो नसो. कोरड्या दिवसांत तर मी तेवढ्यावरच उठतो.

तुमच्या मंडळीत परत जायचं की नाही हे मी इथून सांगणार नाही, पण पाळकांना एकदा एकट्याने भेटा आणि हे सगळं जसंच्या तसं सांगा, कदाचित त्यांना माहीतही नसेल कोण काय बोलून गेलं. तेही जड जात असेल तर जवळपास कोणाच्या घरी प्रार्थना असेल तिथे जाऊन बसा, साक्ष द्यायची गरज नाही. आणि पंचनामा झालाय का, विम्याचं काय झालं ते मला नक्की कळवा. नवीन कंद लावायचे असतील तर दिवस सांगा, आमच्याकडची दोन-चार पोरं घेऊन येतो, भाकरी आमच्या आमच्याच आणू, वहिनींना चुलीपाशी बसवू नका.