पुस्तक हुंगावे कसे?

मोबाइलवर किंवा किंडल या पुस्तकं वाचायच्या यंत्रावर कादंबरी वाचताना पकडले गेलात, तर आधी ओशाळा. मग म्हणा, "पण कागदी पुस्तकाची मजा वेगळीच हो!" हे वाक्य मुंबईत गिरगावापासून बोरिवलीपर्यंत कुठेही खपतं. समोरचा लगेच नव्याकोऱ्या पुस्तकाच्या वासावर घसरेल. घसरू द्या. त्याने शेवटचं पुस्तक कधी वाचलं, हे विचारण्याचा आगाऊपणा करू नका.

जुन्या पुस्तकाचा वास तर त्याहून भारी. कागदातलं लिग्निन नावाचं द्रव्य वर्षानुवर्षं विघटित होत जातं आणि त्यातून तो व्हॅनिलासारखा दरवळ सुटतो. म्हणजे आपण डोळे मिटून हुंगत असतो तेव्हा पुस्तक शेवटच्या घटका मोजत असतं. मुंबईत वर बुरशीची फोडणी. जुलैत कपाट उघडा, दीर्घ श्वास घ्या, दोन शिंका द्या, कपाट बंद करा. झालं वाचन.

कपाट भरलेलं हवं, हे वेगळं सांगायला नको. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा फोर्टात फ्लोरा फाउंटनपाशी जुनी पुस्तकं मिळतात. आत 'चि. अमुकला वाढदिवसानिमित्त' असं लिहिलेलं असेल तर तेवढं पान चिकटवून टाका. वन बीएचकेत त्या कपाटाखालच्या जागेचा भाव आतल्या पुस्तकांच्या कितीतरी पट निघेल, पण हिशेब मांडत बसू नका. घरच्यांनी मांडला तर संस्कृतीचं काय होणार, असं विचारा.

खरी कसोटी लोकलमध्ये. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टमध्ये आत ढकलले गेलात की एक हात कडीला, दुसऱ्यात सहाशे पानी कादंबरी. पान उलटायला तिसरा हात नसतो, तेव्हा हनुवटी वापरा. ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत एकाच पानावर तग धरलात तर तुम्ही हाडाचे वाचक. शेजारचा मुलगा तेवढ्या वेळात अंगठ्याने तीन प्रकरणं सरकवून पुढे गेलेला असेल. तो वाचत नसतो, 'मोबाइलमध्ये डोकं घालून' उभा असतो.

कुणी शहाणा सांगेलच, की किंडलचा पडदा मोबाइलसारखा नसतो. केसाच्या जाडीएवढ्या कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात, विजेच्या भाराने ते वरखाली होतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच राहायला वीज लागत नाही, म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे टिकतं. असल्या तपशिलात शिरू नका. 'डोळे जातात' एवढंच म्हणा. शक्यतो व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्री दीडला.

पडद्याच्या पक्षात असाल तर तुमचीही सोय आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने पाचशे मराठी पुस्तकांच्या पीडीएफ एकगठ्ठा टाकल्या. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी एक उघडली. पान तिरकं, कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, नखावर हळदीचा डाग. लेखकाला अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते इतकं स्पष्ट कधी पाहिलं नव्हतं. पाचशेही उतरवून घ्या. फोनची मेमरी भरली की वाचनाचं समाधान आपोआप मिळतं.

कागदाच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरोखर बिनतोड आहे, म्हणूनच बहुधा तो कुणी मांडत नाही. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या भानगडीतून, आधीच विकलेली पुस्तकं गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली. पैसे परत केले, पुस्तक मात्र ओरड झाल्यावरच परत देऊ केलं. त्यातलं एक कुठलं, तर जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'! आपल्याला वाटतं पुस्तक विकत घेतलं, हातात पडतो फक्त वाचायचा परवाना. कागदी पुस्तक कुठली कंपनी असं उचलून नेत नाही. ते 'आठवड्यात देतो' म्हणत मित्रच नेतो.

आणि घरात कुणी मोतीबिंदूवालं म्हातारं माणूस असेल तर जपा. माझ्या आईने टॅबवर अक्षर एवढं मोठं करून घेतलंय की पानावर जेमतेम आठ ओळी मावतात. दिवसाला निम्मी कादंबरी फस्त करते. चारचौघांत बरं दिसत नाही, म्हणून पाहुणे आले की तिला कपाटासमोर बसवून मांडीवर एक जाडजूड बांधीव ग्रंथ देतो. परवा पाहुण्यांनी तिच्या वाचनवेडाचं तोंड भरून कौतुक केलं. ते गेल्यावर ग्रंथ उचलायला गेलो, तर आत टॅब.