रंगीत पानांच्या झाडांनी ‘एका मिनिटात मृत्यू’? तो मेसेज पुढे पाठवू नका

काल नौपाड्याला आईकडे गेले तर गॅलरी अर्धी रिकामी, फरशीवर नुसते कुंड्यांच्या बुडाचे पांढरे गोल डाग. विचारलं तर म्हणाली, "अगं, सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. डिफेनबेकियाचं, म्हणजे त्या मोठ्या ठिपकेदार पानांच्या शोभेच्या झाडाचं, पान तोंडात गेलं तर लहान मूल एका मिनिटात जातं, मोठा माणूस पंधरा मिनिटांत. हात डोळ्याला लागला की कायमचं आंधळं. क्रोटनने कॅन्सर होतो, आणि रात्री ही झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात. तुझी पोरगी येते ना इथे खेळायला." सहा वर्षं वाढवलेला कमरेएवढा डिफेनबेकिया, गुलाबी कॅलेडियम, क्रोटन, सगळं कचऱ्याच्या गाडीत! इतका संताप आला ना.

आधी ते एक मिनिट. डिफेनबेकियाच्या पानात आणि खोडात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की जिभेला, गालाला टोचतात, आग होते, लाळ गळते, सूज येते. आणि असेच स्फटिक आपल्या अळूतही असतात, दोन्ही एकाच कुळातली! म्हणून तर अळू चिरताना हाताला तेल लावतो, शिजवताना चिंच घालतो, आणि कच्चं राहिलं की घसा खवखवतो. जन्मभर अळूवड्या करणाऱ्या माझ्या आईला कोणीतरी हे सांगून घाबरवून सोडलंय. आग पहिल्याच घासाला होते त्यामुळे पोरं लगेच थुंकतात, पोटभर कोण खाणार? 1991 मध्ये अमेरिकेतल्या पॉइझन सेंटरच्या (विषबाधेवर सल्ला देणाऱ्या केंद्राच्या) तज्ज्ञांनी डिफेनबेकिया आणि त्याच कुळातलं फिलोडेंड्रॉन तोंडात गेलेल्या 188 केसेस तपासल्या, त्रास झाला होता फक्त 4 जणांना, तोही किरकोळ उपचारांनी थांबला.

डोळ्याचं मात्र थोडं खरंय, मान्य. चीक डोळ्यात गेला तर भयंकर झोंबतो, बुबुळाला इजा होऊ शकते, तेव्हा नळाखाली पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि थेट डॉक्टर गाठायचा. पण नुसतं पानाला हात लागला म्हणून आंधळं वगैरे कोणी होत नाही. कोणी मोठा तुकडा चावला आणि घसा सुजायला लागला तर सरळ हॉस्पिटल, वाट बघत बसायचं नाही. कुत्र्या-मांजरांपासूनही लांबच ठेवा.

क्रोटनने कॅन्सर? हा नावाचा घोळ आहे. क्रोटन टिग्लियम म्हणजे जमालगोटा, त्याच्या बियांचं तेल उंदरांच्या कातडीवर लावून कॅन्सरचे प्रयोग झाले होते. आपल्या कुंडीतल्या क्रोटनचं शास्त्रीय नाव कोडियम व्हेरिगेटम, झाडच वेगळं. चिकाने हाताला खाज येते एवढंच.

रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणे. सोडतात, पण त्याच खोलीत झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट सोडतो, त्याला कोणी बाहेर काढत नाही.

रविवारी माझ्याकडच्या डिफेनबेकियाच्या खोडाचे वीतभर दोन तुकडे घेऊन आईकडे जाणारे. हातमोजे घालूनच कापणार, आणि कुंडी पोरीचा हात पोचणार नाही अशा वरच्या स्टँडवर.