कंदील झाकून

माझ्या हुशारीला उजेड लागतो, हे मला एका व्हिडिओ गेमने दाखवून दिलं.

'आउटर वाइल्ड्स' हा गेम 2019 साली आला. त्यात बंदूक नाही, पॉइंट नाहीत, पैसे साठवून चांगले बूट घेण्याची सोयही नाही. 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, तुम्ही मरता आणि पुन्हा त्याच शेकोटीपाशी डोळे उघडता. शिल्लक राहतं ते फक्त तुम्हाला जे कळलं ते. ज्यांची बोटं मंद आहेत पण स्वतःच्या डोक्याबद्दल मत फार बरं आहे, अशा माझ्यासारख्यांसाठीच तो बनवलाय, असं मी जाईल तिथे सांगत असे.

मग 2021 मध्ये त्याची डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोडायचा नवा भाग, आली: 'इकोज ऑफ द आय'. सुरुवात अशी झकास की काय सांगू. एका उपग्रहाने काढलेल्या फोटोंवरून संशय येतो, तुम्ही तिथवर उडत जाता, आणि सूर्यासमोर एक काळी सावली सरकते. कुणीतरी काहीतरी लपवून ठेवलंय! आत शिरलो तर एक अवाढव्य फिरतं चाक आणि त्याच्या आतल्या बाजूला आख्खी नदी. मान वर केली की डोक्यावर तीच नदी, तीच झाडं, उलटी. तराफ्याला वल्हं नाही. त्यावरच्या दिव्यांवर टॉर्च मारायचा, की तो चालू लागतो. पहिल्या वेळी तराफा चालू लागला आणि मी काठावरच राहिलो, ते जाऊ द्या.

इथल्या लोकांची भाषा शेवटपर्यंत वाचता येत नाही. सगळी गोष्ट स्लाइडच्या रिळांमधून, एकाही शब्दाशिवाय. आणि नेमक्या मोक्याच्या स्लाइड जाळलेल्या. जुन्या अल्बममधल्या ग्रुप फोटोतून एखाद्या काकांचा चेहरा ब्लेडने कापलेला असतो ना, तसं. मग दुसरं काही सुचत नाही, काकांनी काय केलं होतं एवढंच डोक्यात. इथवर मी गेम बनवणाऱ्यांच्या पाया पडायला तयार होतो.

पण न जळलेली रिळं आहेत अंधारात. (ज्यांना खेळायचाय त्यांनी हे वाक्य विसरावं.) हिरव्या शेकोटीपाशी हातात एक विचित्र कंदील धरून झोपायचं, की तुम्ही दुसऱ्याच जगात जागे होता. तिथे कायमची रात्र. त्या रात्रीत शिंगं असलेली, घुबडासारख्या तोंडाची, तुमच्या दुप्पट उंचीची मंडळी फिरत असतात. कंदील उघडा ठेवला तर तुम्ही त्यांना दिसता. झाकला तर दिसत नाही, पण मग तुम्हालाही काही दिसत नाही. मी या सौद्याचा पुरेपूर फायदा घेतला. कंदील झाकून एका भिंतीला नाक लावून मी किती वेळ उभा होतो, ते मुलीने मोजलंय. मी सांगणार नाही.

"बाबा, पुढे जा ना."

"ऐकतोय मी. पावलं ऐकतोय."

"ती तुझीच आहेत."

पकडलं की तो समोरचा शांतपणे तुमचा कंदील विझवतो आणि तुम्ही शेकोटीपाशी जागे. परत झोपा, परत तोच पूल, तोच जिना, तीच भिंत. बाहेर घड्याळ चालूच. माझी खरी तक्रार इथे आहे. कुठे जायचं, कोणत्या दाराने जायचं, का जायचं, सगळं मला कळलेलं. उत्तर तोंडपाठ, आणि तोंडी परीक्षेत त त प प. ज्या गेमने मला 'फक्त विचार कर' म्हणून लाडावून ठेवलं, त्यानेच ऐन वेळी चवड्यांवर चालायला लावावं? भूत दाखवायचं तर दाखवा, पण एकदा. सातव्यांदा त्याच वळणावर तोच भेटला की मला भीतीच्या आधी कंटाळा येतो, आणि नंतर भीती येतेच.

सेटिंगमध्ये भीती कमी करण्याचा पर्याय आहे. मुलीने तो दाखवला. मी म्हटलं, तसं खेळण्यात काय मजा? आणि ती झोपल्यावर गुपचूप चालू केला. सकाळी तिने विचारलं, "आज ते एवढे सावकाश का चालतायत?" मी म्हटलं, त्यांचंही वय होत असेल.

शेवटी एकदाचा पोचलो. घामेजलेल्या हातांनी प्रोजेक्टरपाशी गेलो. पहिलं चित्र उमटलं: धड, एकही कोपरा न जळलेला. दुसरं उमटलं. तिसऱ्याच्या आधी 22 मिनिटं संपली आणि सूर्य फुटला.

मी कंट्रोलर मुलीच्या हातात दिला आणि उठून खोलीतला ट्यूबलाइट लावला. स्क्रीनवर त्या ट्यूबच्या पांढऱ्या रेघेशिवाय काहीच दिसेना.

"बाबा, बंद कर ना, मला काही दिसत नाहीये."

"राहू दे," मी म्हटलं. "मला दिसतंय."