पदकाचा गुरुवार, आगीचा गुरुवार

२०२४ च्या १ ऑगस्टला स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकमधलं नेमबाजीचं पदक, ८ ऑगस्टला आमच्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाची आग. दोन्हींवर एव्हाना भरपूर लिहून झालंय. मला जे म्हणायचंय ते मात्र कुठं वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहितेय. जरा लांबेल, सवडीने वाचा.

जुलैच्या शेवटी पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेली, तेव्हापासून पुराच्या पट्ट्यातल्या आंबेवाडीची नणंद, तिची दोन मुलं आणि सासूबाई आमच्याकडेच होत्या. म्हशी पाहुण्यांच्या गोठ्यात. सकाळी उठलं की चहाच्या आधी प्रश्न एकच, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसांना इंच न् इंच कळतो. त्यामुळे गुरुवारी दुपारी एक वाजता स्वप्नीलची ५० मीटर रायफल तीन पोझिशनची फायनल सुरू झाली तेव्हा टीव्हीसमोर नऊ माणसं होती, आणि त्यातल्या निम्म्यांना तीन पोझिशन म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. लेकीने आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, समजावून सांगितलं: आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, शेवटी उभं राहून. आबा म्हणाले, "उभ्यानंच खरं कळतंय मग."

झालंही तसंच. पात्रता फेरीत स्वप्नील सातवा होता. फायनलमध्ये गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा, झोपून मारायच्या फेरीनंतर पाचवा. उभं राहिल्यावर पुढचे एकेक मागे पडत गेले. ४५१.४ गुण आणि कांस्य! या प्रकारात भारताचं पहिलंच ऑलिंपिक पदक, तेही राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या पोराने आणलेलं. नणंदेच्या सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. गल्लीत फटाके सुरू झाले ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत.

त्या रात्री प्रत्येक चॅनेलवर खाशाबा जाधवांचं नाव होतं. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. आणि खाशाबांसोबत ती दुसरी गोष्टही आली: राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून त्यांच्यासाठी सात हजार रुपये उभे केले. आपण ही गोष्ट फार अभिमानाने सांगतो. खर्डेकर सरांपुढं मी हात जोडते. पण गोष्ट ऐकली की मला रागही येतो. देशासाठी खेळायला निघालेल्या पैलवानासाठी एका मास्तरला घर गहाण का ठेवावं लागावं?

म्हणून मला स्वप्नीलच्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो कुणी फारसा न सांगितलेला. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. २००९ मध्ये त्यांनी पोराला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथं राहायचं, शिकायचं, सराव करायचा, खर्च सरकारी तिजोरीतून. पुढं रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी. दीपाली देशपांडेंसारख्या, स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या प्रशिक्षक. घरच्यांनी सोसलं नाही असं मी म्हणत नाही. रायफल, गोळ्या, जॅकेट यांतलं काहीच स्वस्त नसतं. पण मधली पंधरा वर्षं एक व्यवस्था चालू राहिली. मेसचं बिल भरलं गेलं, वॉर्डनचा पगार झाला, रेंजवरचे दिवे लागले. याची बातमी होत नाही. ती व्हावी असा माझा हट्टही नाही. पण त्याच बिलांमधून हे पदक निघालंय, हे आपल्याला कळायला हवं. मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलेले एक कोटी स्वप्नीलला मिळालेच पाहिजेत. मला त्याहून जास्त जाणून घ्यायचंय ते हे की आज प्रबोधिनीत असलेल्या बारा वर्षांच्या पोरापोरींच्या ताटात काय वाढलं जातं.

रविवारी आषाढी अमावास्या, घरात तांबडा-पांढरा झाला. सोमवारपासून श्रावण. बुधवारी दुपारी कुस्तीपटू विनेश फोगाटची बातमी आली, वजन शंभर ग्रॅम जास्त म्हणून फायनलआधीच अपात्र. आमची पेठ तालमींची. वजन उतरवायला रात्रभर पळणं म्हणजे काय, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. त्या दिवशी कट्ट्यावर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

आणि मग गुरुवार. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, म्हणून पोरींच्या हातांवर मेंदी. दिंडांसाठी डाळ निवडून ठेवलेली. संध्याकाळी हॉकीचं कांस्य आलेलं आणि रात्री बारा वाजता नीरज चोप्राची भालाफेक बघायची म्हणून कुणीच झोपायला तयार नव्हतं. दहाच्या सुमाराला गच्चीवरून शेजारचा पोरगा ओरडला, "थेटर पेटलंय!"

आमच्या गच्चीवरून खासबागेची, म्हणजे थेटरची बाजू दिसते. धूर नव्हता, थेट ज्वाळा होत्या. सागवान जळताना जो वास येतो तो घरात शिरला. आबा काठी घेऊन निघाले, त्यांना अडवायची हिंमत कुणाला झाली नाही. मी त्यांच्या मागोमाग गेले. रस्त्यावर हजारभर माणसं असतील. प्रकाशयोजना करणारे, पडदे ओढणारे, मेकअपवाले, हौशी नाटकांत एखादं वाक्य बोललेले पन्नाशीचे गृहस्थ, सगळे रडत होते. एक नट पोलिसाला सांगत होता, "आत माझी पेटी आहे हो."

शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर ते हेच. मधे एकही खांब नाही, आणि माईकशिवाय म्हटलेलं पद शेवटच्या रांगेत स्वच्छ ऐकू यायचं. पाठीमागं खासबागचं कुस्ती मैदान, तेही महाराजांचंच. एका बाजूला सूर, दुसऱ्या बाजूला शड्डू, ही शेजारजोड आणखी कुठल्या शहरात असेल असं मला वाटत नाही. नाव पुढं ज्यांचं दिलं ते केशवराव भोसले म्हणजे कोल्हापूरचेच. १९०८ मध्ये त्यांनी ललितकलादर्श नाटक कंपनी काढली, १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त प्रयोग केला आणि त्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. त्यांचा जन्म ९ ऑगस्टचा. जयंतीच्या आदल्या रात्री त्यांचं नाट्यगृह जळालं. रात्री उशिरा नीरजचं रौप्य आलं, पोरांनी येऊन सांगितलं, आबांनी नुसती मान हलवली.

आग कशी लागली ते चौकशीत कळेल, मी कुणावर आरोप करत नाही. माझा प्रश्न आगीच्या आधीच्या दिवसांबद्दल आहे. शंभर वर्षांहून जुनी, लाकडी छताची वास्तू. तिच्या वायरिंगची तपासणी शेवटची कधी झाली, पाण्याचे पाइप कधी चालवून पाहिले, रात्री पहाऱ्याला किती माणसं, हे तिथं नाटक बघायला जाणाऱ्या आपल्यापैकी कुणाला माहीत होतं? आग लागली तेव्हा महापालिकेत २०२० च्या शेवटापासून नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. म्हणजे विचारायचं कुणाला हाही प्रश्नच होता.

पुनर्बांधणीची आश्वासनं मिळाली. नेते येऊन बघून गेले. थेटर उभं राहील याची मला खात्री आहे, कारण कोल्हापूर ते सोडणार नाही. पण उद्घाटनाच्या खर्चाबरोबर दरवर्षीच्या देखभालीचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दिसला पाहिजे. आणि फक्त आपल्याच नव्हे, राज्यातल्या प्रत्येक नाट्यगृहाच्या दारावर, तिकीट खिडकीशेजारी, अग्निसुरक्षा तपासणीची तारीख मोठ्या अक्षरांत लावा. तारीख जुनी दिसली तर प्रेक्षक स्वतः विचारतील. याला कोटी लागत नाहीत, एक पाटी लागते.

दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धा येईल. कोल्हापूर केंद्रावरच्या हौशी संस्था प्रयोग कुठं करणार? ही मुलं दिवसा नोकऱ्या करून रात्री तालमी करतात. त्यांना यंदा हॉल भाड्यात सवलत मिळायला हवी, आणि आपण तिकीट काढून जायला हवं, पासवर नको.

शेवटी एक विनंती. थेटर मूळचं होतं तसं पुन्हा बांधायचं तर आतल्या भागाची माहिती हाताशी हवी. रंगमंच, छताच्या कैच्या, बाल्कनीचे कठडे, विंग, पडद्यामागची जागा, यांचे फोटो तुमच्या घरी अल्बममध्ये नक्की असतील. स्नेहसंमेलनाचे, बक्षीस समारंभाचे, कुणाच्या पहिल्या नाटकाचे. माणसांच्या मागं काय दिसतंय ते बघा. स्कॅन करून, साल आठवत असेल तर लिहून, खाली कमेंटमध्ये टाका. आमच्याकडचे चार सापडलेत, आबांनी रात्रीच काढून ठेवलेत, ते मी पहिल्या कमेंटमध्ये टाकतेय.