आ करा आणि गप्प बसा

दाताच्या डॉक्टरकडं निघालात? छान. मी वागलो तसं वागा, म्हणजे रात्री दोन वाजता गार पाण्याचा तांब्या घेऊन घरभर येरझाऱ्या घालायचं भाग्य तुम्हालाही लाभेल.

पहिलं म्हणजे काही विचारायचं नाही. खुर्चीत आडवं झालं की आ करायचा आणि डोळे मिटायचे. कीड कोरता कोरता डॉक्टर म्हणतील, "नसेपर्यंत गेलंय. नसेवर औषध साधं टाकू की भारी?" आता कोल्हापूरचा माणूस एरवी जगात भारी. पण खुर्चीत त्याला पाकीट आठवतं. तोंडात नळी असताना जेवढं बोलता येतं तेवढं बोलायचं, "आआं." म्हणजे साधं. साध्याचं नाव काय, भाऱ्याचं काय, नस उघडी पडली का, रक्त आलं का, किती वेळात थांबलं, असले प्रश्न आले तर थुंकीबरोबर गिळून टाकायचे.

घरी आल्यावर मेहुण्याला सांगायचं, "कॅपिंग झालं." तो विचारेल, "मेटलची बसवली की सिरॅमिकची?" ती कॅप दातावर बसते, ही औषधाची, आत नसेवर ठेवतात, हे समजावत बसू नका. मीही चार महिन्यांनीच समजलो.

लवंग मात्र ठेवत चला.

दुखणं वाढलं तर दुसऱ्या बाजूनं चावा. देवानं दोन बाजू उगाच दिल्यात का?

आता औषधाचं. सगळा पांढरा लगदाच की, त्यात फरक तो काय, असं धरून चाला. कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे आपण पानाला लावतो त्या चुन्याचंच सोवळं रूप. १९२० पासून दातात वापरात आहे, स्वस्त आहे. त्याचा सामू (पीएच) साडेबाराच्या आसपास. नसेचा वरचा थर तो भाजतो आणि त्याखाली दात स्वतःच कठीण भिंत बांधायला घेतो. बांधतोही. पण त्या भिंतीत बारीक बोगदे राहतात, आणि वरचा चुना काही वर्षांत विरघळत जातो. दुसरं एमटीए, म्हणजे मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रीगेट. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालं. त्याचा पाया कसला, तर पोर्टलंड सिमेंटचा! होय, स्लॅबचं तेच. क्ष-किरणात दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घालतात. घट्ट व्हायला पावणेतीन तास लागतात आणि ओल लागते. स्लॅबला पाणी मारतो तसा वर ओला कापूस ठेवतात. भिंत जास्त सलग बांधली जाते, मात्र दात काळवंडू शकतो. तिसरं बायोडेंटिन, त्याच जातकुळीतलं, पण बारा मिनिटांच्या आसपास घट्ट होणारं आणि बिस्मथ नसलेलं.

तर गंमत बघा. राजारामपुरीत घरावर मजला चढवताना मी प्रत्येक गोणी उलटीपालटी करून ४३ ग्रेड की ५३ ते वाचलं. गवंड्याशी भांडलो. मार्केट यार्डात गुळाची ढेप घेताना खडा फोडून, जिभेवर ठेवून, रंग उजेडात धरून बघतो. आणि स्वतःच्या दाढेत कुठलं सिमेंट गेलं ते मला माहीत नाही! अमेरिकेत ३७६ रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ मध्ये छापून आली आहे. दोन वर्षांत अपयशाचं प्रमाण चुन्याचं ३१.५ टक्के, एमटीएचं १९.७. हा फरक लगद्याचा, आणि दुकानदारीच्या भाषेत त्याचं नाव 'साधं' आणि 'भारी'.

बरं, भारी टाकलं म्हणजे सुटलो, असंही नाही. नस बसलीय चारी बाजूंनी कठीण पेटीत. सुजली तर फुगायला जागाच नाही, म्हणून तर ठणका. सूज हाताबाहेर गेली असेल, गारानं कळ येऊन मिनिटभर रेंगाळत असेल, झोपेतून उठवत असेल, तर वर सोन्याचा वर्ख लावला तरी ती नस परत येत नाही. (१७५६ मध्ये प्रशियात फाफ नावाच्या दंतवैद्यानं खरंच वर्ख लावण्याचं वर्णन केलंय.) १९६५ मध्ये जंतुविरहित उंदरांच्या दातांची नस उघडी करून तशीच सोडली, तर ती भरून आली. जंतू असलेल्या उंदरांची सडली. म्हणजे खरा वैरी जंतू. आत जंतू राहिला, किंवा वरून झिरपला, तर चुना काय नि सिमेंट काय. रबराचा पडदा लावून दात कोरडा ठेवला होता का? तेही मी विचारलं नाही. डोळे मिटले होते ना.

गेल्या आठवड्यात मिसळीच्या कटाचा पहिला घोट घेतला आणि दाढेतून कानापर्यंत वीज गेली. रात्री तोंडात गार पाणी धरलं की तेवढ्यापुरतं थांबायचं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी काय ठेवलं होतं?" मी जुन्या दवाखान्यात फोन लावला.

"काका, औषध ठेवलंय की."

"कुठलं?"

"दाताचंच!"

पावतीवर एकच शब्द: फिलिंग.

अहो, लाज वाटत नाही? नस उघडी पडली, तिच्यावर काय ठेवलं, कुठल्या तारखेला, ही एक ओळ लिहायला काय शाई संपते? औषधाला नाव असतं, ते रुग्णाला सांगायचं असतं. 'साधं की भारी' हे चप्पल घेणाऱ्याला विचारतात. आणि आपण! भेळेत कांदा कमी पडला तर रंकाळ्यावर गाडीवाल्याला सोडत नाही, आणि इथं आ करून पडून राहतो, पैसे देतो, वर "थँक्यू डॉक्टर" म्हणून येतो. मूर्ख आहोत आपण. मी पहिला.

शनिवारी रूट कॅनलची दुसरी खेप आहे. वही घेऊन जाणार आहे.