आईचा नंबर 37

रविवारी संध्याकाळी मालवणच्या जेटीजवळच्या कट्ट्यावर गेलो, तेव्हा त्या विषयावर काही बोलायचं नाही असं घरूनच ठरवून निघालो होतो. बाबूनं नुसतं विचारलं, "काय रे, आवशीक दाखवलंस काय?" आणि आदल्या दिवसाचं सगळं बाहेर पडलं.

आईला कंपवात आहे. वय 78. मेंदूचे डॉक्टर आमच्या बाजूला राहत नाहीत, ते कोल्हापूरहून महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी एका खाजगी दवाखान्यात येतात. नंबर फक्त फोनवर, तोही सोमवारी सकाळी आठ ते साडेआठ. दोन सोमवार फोन लागलाच नाही. तिसऱ्या सोमवारी लागला आणि पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. नंबर 37, वेळ सकाळी नऊ. पहाटे सहाची एसटी धरून आम्ही सव्वाआठला दारात. डॉक्टर आले पाऊण वाजता. आई आत गेली चार वाजून वीस मिनिटांनी.

वाट बघितली याचं मला इतकं वाईट वाटलं नसतं. आईच्या गोळीचा असर तीन-चार तास टिकतो. सकाळची गोळी आठ वाजता दिली होती. बाराची मी दिली नाही. वाटलं, आता बोलावतील, डॉक्टरांनी तपासल्यावरच देऊ, त्यांनी डोस बदलला तर? एक वाजला, दोन वाजले, दर वेळी वाटायचं आता येईल. चारपर्यंत आई बाकावर लाकडासारखी झाली होती. उठवेना, पाय पुढे पडेना, तोंडातून शब्द फुटेना. दोघांनी धरून आत नेली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "शेवटची गोळी कधी घेतली?" मी आठ म्हणालो. ते म्हणाले, "मग आत्ता मला यांचा आजार किती वाढलाय ते दिसतंय की गोळी उतरलेली दिसतेय, हे कसं ठरवू?" औषध वेळेवरच द्यायचं, तपासणीसाठी कधी थांबवायचं नाही, असं त्यांनी नीट समजावलं. माणूस चांगला आहे. डोस तोच ठेवून महिन्यानं परत बोलावलं. पाच आठवडे आणि एक अख्खा दिवस घालवून आम्ही जिथे होतो तिथेच आलो.

बाबू होडीवर जाणारा माणूस. रापणीला, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यालाही जातो. त्याचा आवाज लगेच चढला. "नऊ वाजता बोलावतत आणि पाऊण वाजता येतत! आमच्या रापणीत बारक्या पोराक पण कळता आपलो वाटो कधी आणि किती. हय शिकली सवरली माणसा, आणि कोणाक काय म्हायत नाय."

पिंट्याचं मेडिकल स्टोअर आहे. डॉक्टरांची बाजू कट्ट्यावर तोच घेतो, आणि ती घ्यायला हवीच. तो म्हणाला, "अरे, तो माणूस पहाटे कोल्हापुरातून निघतो. करूळ घाटात दरड आली की फोंड्यावरून फिरून यायचं. तिथल्या हॉस्पिटलात रात्री कोणाला झटका आला असला तर त्याला बघूनच निघणार ना? काळोख व्हायच्या आत परत घाट चढायचा. नाही आला तर काय करशील? तो येतो हेच आपलं नशीब."

"येता म्हणान आम्ही पाया पडूचा?"

"पाया नको पडू. पण शिव्या घालू नको."

गुरुजी तोपर्यंत गप्प होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी खिशात पेन असतं. त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर पाऊण वाजता बसले, आईला चार वीसला घेतलं. मधे 36 माणसं?" मी हो म्हणालो. "म्हणजे 215 मिनिटांत 36. माणशी सहा मिनिटं. आता सांगा, डॉक्टर एरवी किती वाजता पोचतात?" पिंट्या म्हणाला, अकरापर्यंत. "मग घाट मोकळा असता, ते अकराला बसले असते, तरी 37 नंबर अडीचच्या आत लागला नसता. हे त्या दवाखान्याला ठाऊक आहे. दर खेपेला तेच डॉक्टर, तेवढीच माणसं. तरी 37 नंबरला नऊ वाजता बोलावलं. कशासाठी?"

यावर क्षणभर कोणी बोललं नाही. माझ्या डोक्यात दिवसभर जे खदखदत होतं आणि मला शब्दांत धरता येत नव्हतं, ते गुरुजींनी तीन ओळींत मांडलं होतं.

पिंट्यानं कारण सांगितलं, आणि ते खरं आहे. काही लोक नंबर लावतात आणि येत नाहीत. कोणाची एसटी चुकते, कोणी आधीच दुसरीकडे दाखवून मोकळा होतो. डॉक्टरांची खुर्ची दहा मिनिटं रिकामी राहिली तर तो वेळ फुकट जातो, म्हणून सगळ्यांना आधीच आणून बसवतात. वजन, बीपी, जुने रिपोर्ट लावणं, तेही तेवढ्यात उरकतं.

"म्हणजे डॉक्टराची धा मिन्टा फुकट जाव नये, म्हणान आमच्या साठ माणसांचो दिवस फुकट," बाबू म्हणाला.

मला वाटतं, बाबूचं हे वाक्य कोणाला खोडता येणार नाही. पिंट्यालाही आलं नाही. तो चहाचा ग्लास फिरवत बसला.

मग आबा. एसटीत तीस वर्षं कंडक्टर. त्यांचं म्हणणं असं, की आपण उगाच इथे अडून बसतो. "बांबोळीक जावचा. सकाळी निघालास तर धा वाजेपर्यंत केसपेपर हातात." पण बांबोळी, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, इथून शंभर किलोमीटरच्या वर. 1 जानेवारी 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे पैसेही मोजावे लागतात. आणि थरथरत्या माणसाला गाडी करून न्यायचं तर भाड्यातच महिन्याची औषधं येतील. आबा म्हणाले, मग मुंबई. कोकणकन्या धरायची, परळला पुतण्या आहे, केईएममध्ये दाखवायचं. तिथेही केसपेपरच्या खिडकीवर पहाटेपासून रांग असते, हे आबांनाच पुतण्यानं सांगितलेलं. कोकणातल्या माणसानं दुखणं आलं की पहिली चौकशी गाडीची करायची, ही गोष्ट आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आली आहे. बोटी गेल्या, रेल्वे आली, एवढाच फरक.

गुरुजींनी इथे मुळाला हात घातला. डोंगराळ भागात 20,000 माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 80,000 मागे एक सामुदायिक रुग्णालय, असा सरकारी निकष. त्या रुग्णालयात सर्जन, फिजिशियन, बाळंतपणाचे आणि लहान मुलांचे डॉक्टर असावेत असं कागदावर आहे. मेंदूचा डॉक्टर त्या यादीत नाहीच. ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी मेडिकल कॉलेज आलं, 100 जागांचं, पहिली तुकडी 2021-22 ची. "पण हिशोब करा," गुरुजी म्हणाले, "एमबीबीएस साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप. त्यापुढे एमडी तीन वर्षं, मग मेंदूच्या विषयात डीएम आणखी तीन. साडेअकरा वर्षं झाली, मधे एकही परीक्षा न चुकता. ओरोसच्या पहिल्या तुकडीतलं पोर मेंदूचा डॉक्टर होईल तेव्हा 2033 उजाडलेलं असेल. आणि ते मालवणातच बसेल असं कोणी लिहून दिलेलं नाही."

"म्हणजे थांबायलाच लागणार," पिंट्या म्हणाला. "मी तेच सांगतोय."

"थांबायला लागणार हे मान्य," मी म्हणालो. "पाच आठवडे मी थांबलो ना? डॉक्टर कमी आहेत, कळतं मला. पण नऊ ते चार आईला बाकावर बसवून ठेवलं, ते डॉक्टर कमी आहेत म्हणून नाही. फोन करून 'तुम्ही दोन वाजता या' एवढं सांगायला साडेअकरा वर्षं शिकावं लागत नाही."

हे बोलताना माझा आवाज फुटला. कट्ट्यावर पहिल्यांदाच.

चहाच्या गाडीवरच्या वहिनी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, उपकेंद्रात विचारलास? माझ्या नणंदेच्या हाताक चट्टे इले होते. थंयच्या मॅडमनी मोबायलवर वरच्या डॉक्टरांक दाखवल्यान. पैसो लागलो नाय." वहिनी म्हणत होत्या ती ई-संजीवनी. गावच्या उपकेंद्रातून, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून, तिथले समुदाय आरोग्य अधिकारी व्हिडिओवर मोठ्या डॉक्टरशी गाठ घालून देतात. आई कशी चालते, हात कसा हलतो, हे व्हिडिओवर कितपत कळेल मला शंका आहे. पण ठरलेलं औषध चालू ठेवायचं की नाही, पुढची तारीख येईपर्यंत काही बिघडलं तर काय करायचं, एवढं तरी विचारता येईल. मी हे आधी करायला हवं होतं. रेंज असेल तेव्हा.

पिंट्यानं मग स्वतःच्या काउंटरवरचं सांगितलं आणि ते ऐकून मला जास्त भीती वाटली. नंबर मिळत नाही म्हणून लोक जुनीच चिठ्ठी घेऊन येतात. दीड वर्षापूर्वीची, घडीवर फाटलेली, घामानं अक्षर पुसलेलं. बीपीची गोळी तीच, साखरेची गोळी तीच. मधे साखर वाढली की घटली कोणी बघितलेलं नसतं. "मी नाही म्हटलं तर तो माणूस गोळीशिवाय घरी जाणार. दिली तर मी नियम मोडला. रोज पाच-सहा जण असे. तुम्हाला एक दिवस बसायला लागलं म्हणून राग आला. हे लोक रांगेत येऊन बसतच नाहीत, ते कधीच नंबर लावणं सोडून बसलेत."

त्यावर बाबू जे बोलला, ते तो बोलेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

"आबा, जुलैत तू त्या दवाखान्यात इल्लंस. पावसाळ्यात. आठवता?"

आबा म्हणाले, आठवतं.

"तुझो नंबर किती होतो?"

आबा गप्प.

"माझो बापूस बाकड्यार बसान होतो. नंबर 11. धा जाणा झाली. मगे तुका आत बोलावल्यानी. बापूस म्हणालो, आबा आसा, जाव दे. मी काय बोलाक नाय. मासेमारीक बंदी होती, होडी वर होती, माझो दिवस बुडणार नव्हतो. पण बापूस अर्धो तास वरती बसलो तो तुझ्यामुळे."

आबांनी लगेच सांगितलं, त्यांचा भाचा तिथल्या लॅबमध्ये आहे, त्यानं परस्पर नाव घातलं होतं. "माका बोलावल्यानी, मी गेलंय. नको म्हणान सांगतलंय काय?"

"व्हय," बाबू म्हणाला. "सांगूचा."

हे भांडण मिटलं असं मी लिहिणार नाही, कारण ते मिटलं नाही. आबांचंही काही अगदीच चूक नव्हतं. गावात ओळख ही माणसाची मिळकत असते, आयुष्यभर एसटीत लोकांची पोरं, पेट्या, निरोप पोचवून त्यांनी ती जोडली आहे. पण ज्याच्याकडे ती नाही त्याचा नंबर प्रत्येक ओळखीमागे एकानं मागे सरकतो. मधे कोण घुसतंय हे 11 नंबरला दिसतं, 37 नंबरला दिसतही नाही. शनिवारी आमच्या पुढे असे किती गेले मला ठाऊक नाही. मी मोजले नव्हते.

गुरुजींनी पिंट्याकडून बिलबुकातला एक कोरा कागद मागून घेतला. म्हणाले, दवाखान्याला पत्र देऊ. यावर अर्धा तास वाद. बाबूला 'तक्रार' हवी होती, पिंट्याला 'विनंती'. गुरुजींनी दोन्ही टाळून सरळ मजकूर लिहिला: डॉक्टर निघाले की फोन करून घ्यावा आणि उशीर असेल तर फळ्यावर लिहावं. एका तासाला दहा नंबर धरून प्रत्येकाला त्याची वेळ सांगावी. लांबून एसटीनं येणाऱ्यांना परतीच्या गाडीच्या हिशोबानं नंबर द्यावा. आबा इतका वेळ बाजूला तोंड करून बसले होते. त्यांनी मान वळवून शेवटच्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ सांगितल्या, कुठली गाडी कुठल्या फाट्यावर किती वाजता मिळते तेसुद्धा, आणि गुरुजींनी त्या पत्राच्या मागच्या बाजूला लिहून घेतल्या. गोळीच्या वेळेचं मी घालायला लावलं. ज्यांची औषधं घड्याळावर आहेत त्यांना नंबर देतानाच विचारावं, आणि औषध थांबवू नका असं फोनवरच सांगावं. मला ते कोणी सांगितलं असतं तर शनिवारी आई चालत आत गेली असती.

एक ओळ बाबूनं सांगितली आणि ती त्याच्याच शब्दांत ठेवली. मधे कोणाला घेतलं, तर कशासाठी घेतलं ते बाहेर बसलेल्यांना सांगावं. छातीत दुखतंय, मूल तापानं फणफणलंय, तर कोण आडवा येणार आहे?

सह्या करायची वेळ आली. गुरुजींनी केली, पिंट्यानं केली, मी केली, वहिनींनी हात पुसून केली. पेन आबांकडे गेलं. त्यांनी कागद वाचला, बाबूची ओळ दोनदा वाचली आणि सही केली. बाबूनं त्यांच्या हातातून कागद घेतला, घडी करून वरच्या खिशात ठेवला.

"सही कर ना," पिंट्या म्हणाला.

"आधी बापसाची घेतंय," बाबू म्हणाला आणि सायकल घेऊन घरी गेला.