‘मुली स्वतःच बाजूला होतात’ म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. उत्तराला चार दिवस उशीर झाला, सॉफ्टवेअर रिलीजचा आठवडा होता. आणि खरं सांगू का, तुमची कमेंट पहिल्यांदा वाचली तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं, त्या भरात काही लिहिण्यापेक्षा गप्प बसले.

ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की आमच्या आयटी कंपनीत फ्रेशर्सच्या बॅचमध्ये जवळपास निम्म्या मुली असतात आणि डिलिव्हरी मॅनेजरांच्या (क्लायंटची प्रोजेक्ट्स सांभाळणाऱ्या वरच्या लोकांच्या) मीटिंगला मात्र मी एकटी, फार तर दोघी. त्यावर ताईंचं म्हणणं (त्या बँकेच्या ईडीपी म्हणजे कॉम्प्युटर डिपार्टमेंटमधून रिटायर झाल्यात, पंच कार्डांच्या काळापासून कोबोल या जुन्या भाषेत प्रोग्रामिंग केलेल्या) असं की आम्हाला ना पाळणाघर होतं ना वर्क फ्रॉम होम, तरी आम्ही निभावलं, सुधा मूर्तींना कुणी सवलत दिली होती? आताच्या मुलींना सगळं हातात मिळतं, आयआयटीत वेगळ्या जागासुद्धा, आणि तरी मूल झालं की त्या स्वतःच बाजूला होतात आणि मग कंपनीच्या नावाने खडे फोडतात. घरी बसून लॅपटॉप उघडून कुणी मोठं होत नाही.

आयआयटीचं आधी उरकते. त्या २०१८ पासूनच्या जागा सुपरन्युमररी आहेत, म्हणजे जास्तीच्या वाढवलेल्या, कुठल्या मुलाची सीट काढून दिलेल्या नाहीत, आणि जेईई अॅडव्हान्स्ड त्या मुलींनाही पास व्हावीच लागते. त्याआधी आयआयटीत शंभरात दहासुद्धा मुली नसायच्या. बस, एवढंच.

आता सुधा मूर्ती. तुम्ही हे उदाहरण दिलंत ते बरंच झालं. १९७४ ची गोष्ट, टेल्कोची (म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची) जाहिरात, खाली ओळ होती की मुलींनी अर्ज करू नये, आणि त्यांनी थेट जेआरडींना पोस्टकार्ड टाकलं. (टेल्को खरं तर सुमंत मूळगावकर बघायचे, पण ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, त्यांनीच सांगितलंय.) मग इंटरव्ह्यू झाला, पुण्यात शॉप फ्लोअरवर, म्हणजे थेट कारखान्यात, नोकरी मिळाली. हिंमत त्यांचीच, प्रश्नच नाही. पण ताई, ती जाहिरातीतली ओळ होती तोपर्यंत बाकीच्या मुलींनी अर्जच केला नसणार ना, आणि त्यांच्याबद्दलही कुणीतरी म्हणालं असेलच की मुलींना मशिनरीत रस नसतो.

आणि हीच गोष्ट पुढे १९८१ पर्यंत न्या. इन्फोसिस सुरू करायला १०,००० रुपये सुधाताईंनी दिले. स्वतः आयआयएस्सीत कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्या. तरी कंपनीत मात्र त्या गेल्या नाहीत, कारण नवरा-बायकोपैकी एकानेच तिथे असावं असं नारायण मूर्तींचं मत होतं. त्यांनी ते मान्य केलं, म्हणजे तुमच्या भाषेत त्याही ‘स्वतःच बाजूला झाल्या’. पुढे कित्येक वर्षांनी तो निर्णय चुकला असं नारायण मूर्तींनीच मुलाखतीत सांगितलं. तर ‘स्वतः’ या शब्दात किती जण असतात बघा.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पटलाय. मी सगळं खापर कंपनीवर फोडलं होतं, घराबद्दल एक ओळ लिहिली नव्हती. २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेमध्ये जे घरकाम करतात त्यांचाच हिशोब धरला तरी बायकांची दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. जवळजवळ साडेतीन तासांचा फरक, रोज, ऑफिस वेगळं. तुम्ही लिहिलंय, ‘माझ्या सासूबाई देवमाणूस, मुलीला कधी खाली ठेवलं नाही’. अहो, मग पाळणाघर होतंच की तुमच्याकडे! फक्त त्याचा पगार कुणी दिला नाही. माझ्या सासूबाई लातूरला, आई गुडघ्यांनी हैराण, आणि आमचा फ्लॅट पुण्यात वाकडला, मग काय करायचं.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण ‘सगळं हातात मिळतं’ म्हणालात. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची आहे. चांगला कायदा, मला स्वतःला उपयोग झाला. पण त्या २६ आठवड्यांचा पगार पूर्णपणे कंपनीने द्यायचा, सरकार त्यात आयटीवाल्यांसाठी काही टाकत नाही, त्यामुळे छोट्या कंपन्यांत नवीन लग्न झालेली मुलगी इंटरव्ह्यूला आली की समोरचा मनात गणित करतोच. आणि पाळणाघर म्हणजे आमच्याकडे दोन किलोमीटरवर टाय-अप, ते बंद होतं सातला, अमेरिकेचा कॉल साडेआठला. मधल्या दीड तासात बाळ, हिंजवडीचा ट्रॅफिक आणि क्लायंटचं प्रेझेंटेशन, सगळं एकाच हाताने.

पण तुम्हाला मला खरं जे सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते मागच्या लेखात मी लपवलं होतं.

२०१९ मधली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, मीटिंग रूममध्ये मी, माझे तेव्हाचे मॅनेजर आणि एचआरचा एक मुलगा. स्क्रीनवर एक्सेल, फ्रँकफर्टला सहा महिन्यांच्या ऑनसाइटसाठी, म्हणजे क्लायंटच्या ऑफिसात जाऊन काम करायला, तीन नावं. पहिलं नाव आमच्या मॉड्यूल लीडचं, क्लायंट तिच्याशिवाय कुणाशी बोलायचा नाही. मॅनेजर म्हणाले, ‘हिचं बाळ लहान आहे ना?’ आणि मी म्हणाले, मीच म्हणाले ताई, ‘हो, दीड वर्षाचं, तिला नाही जमणार.’ एचआरच्या मुलाने ती रो डिलीट केली. पुढचा विषय टीम लंचचा होता, त्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो.

मी ते तिच्या काळजीने केलं. मला आठवत होतं माझं बाळ तेवढं असताना मला मुंबईसुद्धा नको व्हायची.

चारेक महिन्यांनी कॉफी मशीनपाशी ती मला म्हणाली, ‘मॅम, विचारायचं तरी ना. आई येणार होती माझ्यासोबत, तिचा पासपोर्टपण काढला होता.’ आवाज चढवला नाही, कप घेतला आणि गेली. त्या वर्षी ऑनसाइट जाऊन आलेल्या मुलाला प्रमोशन मिळालं, बरोबरच होतं, क्लायंटसमोर तोच होता. हिला बेल कर्व्हमध्ये (ठरावीक जणांनाच वरचं रेटिंग द्यायची पद्धत) मधलं रेटिंग. पुढच्या वर्षी तिने राजीनामा दिला, एक्झिट फॉर्मवर कारण लिहिलं ‘पर्सनल’. कंपनीच्या रेकॉर्डला ती स्वतःच बाजूला झालेली आहे. त्या फॉर्मवर माझी सही आहे.

आणि हो, ‘घरी बसून कुणी मोठं होत नाही’ यावर एक नाव देते, स्टेफनी शर्ली. लहानपणी नाझींपासून वाचवून व्हिएन्नाहून इंग्लंडला आणलेली मुलगी. १९६२ मध्ये सहा पौंडांवर घरात सॉफ्टवेअरची कंपनी काढली आणि कामाला घेतल्या त्या लग्न झालं, मूल झालं म्हणून नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायका, ज्या घरून काम करायच्या. पहिल्या ३०० माणसांत पुरुष तीन! कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग या बायकांनी केलं. शर्लीबाई फोनवर बोलताना मागे टायपिंगच्या आवाजाची टेप लावायच्या, बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. धंद्याच्या पत्रांना उत्तरं येईनात तेव्हा ‘स्टीव्ह’ अशी सही करायला लागल्या, मग यायला लागली. आपण निदान म्यूटचं बटण दाबतो.

तुम्ही विचारलंत की मी स्वतः काय बदललं. फार काही नाही. ऑनसाइटचं एक्सेल उघडायच्या आधी आता सगळ्यांना विचारते, तारखा आणि महिने सांगून, मुलगे धरून. मागच्या खेपेला एका मुलाला विचारलं, त्याला तीन महिन्यांचं बाळ, आणि त्याचं नाव आम्ही नेहमीसारखं गृहीतच धरलं होतं. तो जरा वेळ काही बोललाच नाही. मग दाराकडे बघत हळूच म्हणाला, ‘मॅम, नाही म्हटलं तर रेटिंगवर येईल का?’